हाक नको, हात दाखवा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात बहिऱ्या कुत्र्यांबद्दलची पत्रं इतकी आली, की अख्खं सदर त्यांनाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत.

एका संस्थेकडे चार महिन्यांचं पांढरं देशी पिल्लू आहे. “बहुधा बहिरं आहे” असं तिथले लोक म्हणतात. आम्हाला ते घ्यायचंय, पण हे “बहुधा” खरं की खोटं ते घरच्या घरी कळेल का? (ठाणे)

बऱ्यापैकी कळेल, पण टाळी वाजवून नाही. टाळी वाजवली की हात हलताना दिसतो आणि जवळ असाल तर हवाही अंगाला लागते. बहिरं पिल्लूसुद्धा वळून बघतं आणि घरचे म्हणतात, “बघ, ऐकू येतंय की!”

पिल्लू गाढ झोपलेलं असताना त्याच्या पाठीमागे सहा ते आठ फुटांवर उभे राहा. पंखा बंद ठेवा, सावली अंगावर पडू देऊ नका, पाय आपटू नका. तीन प्रकारचे आवाज करा: किल्ल्यांच्या जुडग्याचा खुळखुळाट, दाबल्यावर चीं करणाऱ्या रबरी खेळण्याचा बारीक आवाज आणि छातीतून काढलेला जाड आवाज. एक आवाज एकदाच करायचा, मग निदान दहा मिनिटं थांबायचं. लागोपाठ केलात तर ऐकू येणारं पिल्लूही सरावतं आणि कंटाळून पडून राहतं. पिल्लू उठतं का, हे महत्त्वाचं नाही. कानाकडे बघा. ऐकू येणारं कुत्रं झोपेतसुद्धा कानाची पाळी आवाजाकडे जराशी फिरवतं. वेगवेगळ्या तीन दिवशी तिन्ही आवाजांना पाळी ढिम्म राहिली, तर दोन्ही कान गेले आहेत असं समजून पुढची तयारी करावी.

भावंडं शेजारी झोपली असतील तर आधी याला वेगळं करा. एक उठलं की सगळी उठतात आणि त्यांच्या धक्क्याने हेही उठतं. जन्मतः बहिरं पिल्लू दीड-दोन महिन्यांचं होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, त्याचं कारण हेच.

एका कानाने बहिरं असलेलं कुत्रं मात्र या परीक्षेत पास होतं. ते उठतं, पण आवाज कुठून आला ते त्याला सापडत नाही. उजवीकडून हाक मारलीत तर डावीकडे शोधतं. अशा कुत्र्याला घरात काही वेगळं करावं लागत नाही, रस्त्यावर तेवढं सांभाळायचं.

पक्की खात्री हवी असेल तर माणसांच्या तान्ह्या बाळांची करतात तीच ‘बेरा’ चाचणी कुत्र्यांचीही होते. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया टोचतात, एकेका कानात टिक-टिक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारे विद्युतसंकेत आलेखावर बघतात. ऐकू येत असेल तर आलेखावर उंचवटे येतात, नसेल तर रेघ सपाट राहते. दहा-पंधरा मिनिटांचं काम, बहुतेक वेळा भूल लागत नाही. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झाल्यावरच ही चाचणी करतात, कारण रंगाशी जोडलेल्या बहिरेपणात आतल्या कानाची पडझड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. आपल्याकडे ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात फोन करून विचारा. आमचं मत विचाराल तर, पाळण्यासाठी घेतलेल्या आणि घरच्या परीक्षेत स्पष्ट बहिऱ्या ठरलेल्या पिल्लासाठी ही धावपळ करण्याची गरज नाही. आलेख हाती आला म्हणून तुमची दिनचर्या बदलणार नाही.

कान मात्र पशुवैद्याकडून, कानात बघायच्या दुर्बिणीने तपासून घ्या. मळ, संसर्ग किंवा कानातली गोचीड यांमुळेही ऐकू कमी येतं आणि ते उपचाराने सुधारू शकतं. संस्थेला तीन गोष्टी विचारा: कान कधी वाहत होता का, जेंटामायसिनसारखी औषधं दिली होती का (या गटातली औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात) आणि पिल्लाला पूर्वी कोणी मारलंय का. शेवटच्या प्रश्नाचा संबंध पुढे हाताच्या खुणांशी येतो. तीन महिन्यांनंतरची रेबीजची लस झाली असल्याची नोंद आणि नसबंदीची तारीख लेखी घ्या.

आमचा पोमेरेनियन पांढराशुभ्र आहे. पांढरी कुत्री बहिरी असतात असं वाचलं आणि धास्ती बसली. (सोलापूर)

निर्धास्त राहा. पांढरा रंग दोन वाटांनी येतो. एका वाटेत रंगपेशी असतात, पण केसांत गडद रंग उतरत नाही. पोमेरेनियन म्हणून आपल्याकडे पाळतात ती पांढरी कुत्री बहुतेक याच वाटेची. त्यांचं नाक काळं, डोळ्यांची कड काळी. दुसऱ्या वाटेत रंगपेशी त्या जागी पोचलेल्याच नसतात. आतल्या कानातही याच जातीच्या पेशी लागतात. ऐकण्याच्या केसपेशींना पोसणाऱ्या थराचं काम त्यांच्यावर चालतं. त्या नसल्या की हा थर सुकतो आणि मागोमाग केसपेशी मरतात. म्हणून गुलाबी नाक, गुलाबी पापण्या, निळा डोळा असं दिसलं तर कान तपासावा.

डाल्मेशियन हे याचं गाजलेलं उदाहरण. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांमध्ये साधारण 8 टक्के दोन्ही कानांनी आणि 22 टक्के एका कानाने बहिरे निघाले. आपल्या देशी जातींत तमिळनाडूचा राजापालयम पांढऱ्या अंगाचा आणि गुलाबी नाकाचा. त्याच्यातही बहिरी पिल्लं होतात. अशी पिल्लं पाळायला हरकत नाही, त्यांची वीण मात्र करू नये. एकाच कानाने बहिरं असलेलं कुत्रंही हा दोष पुढे देतं, आणि ते ओळखू येत नसल्यामुळे तेच जास्त फसवतं.

आठ महिन्यांची बहिरी कुत्री दत्तक घेतली. हाकच मारता येत नाही तर शिकवायला सुरुवात कुठून करायची? खुणांचा तक्ता मिळेल का? (पुणे)

तक्ता शेवटी. आधी तिला तुमच्याकडे बघायची सवय लागायला हवी. बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. ‘बस’ची खूण छान ठरवलेली असते, पण कुत्री भिंतीवरच्या पालीकडे बघत असते. मग माणूस हात जोरजोरात हलवतो, पुढ्यात जाऊन उभा राहतो, शेवटी पट्टा ओढतो. बिचारी एवढंच शिकते की हा माणूस मधूनच अंगावर येतो. तिने दर थोड्या वेळाने आपणहून मान वळवून “काय म्हणता?” असं बघितलं पाहिजे. एवढं जमलं की बाकीचं शिकवणं ऐकू येणाऱ्या कुत्र्याइतकंच सोपं किंवा अवघड.

उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे करा. शाकाहारी घरात पनीर चालेल. मीठ-मसाला नको, कांदा तर मुळीच नको, तो कुत्र्यांना विषारी असतो. एका वेळी दहा तुकडे, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. हा खाऊ दिवसाच्या जेवणाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नका, जेवणातून तेवढं कमी करा.

पहिले दोन दिवस फक्त ‘शाब्बास’ची खूण शिकवायची. ऐकू येणाऱ्या कुत्र्याला आपण “शाब्बास” म्हणतो, इथे अंगठा वर करायचा. अंगठा दाखवा आणि लगेच, एका सेकंदाच्या आत, तुकडा द्या. तिच्याकडून काही मागायचं नाही. (मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं, पण तिला वाक्प्रचार येत नाहीत.) पंजा पसरून शाब्बासकी देऊ नका, तो ‘थांब’साठी लागणार आहे. दोन दिवसांनी अंगठा वर झाला की तिची नजर तुमच्या खिशाकडे जाईल. म्हणजे खूण पोचली.

मग दार लावलेल्या खोलीत खुर्चीवर स्वस्थ बसा. बोलावू नका, हलू नका. ती हुंगेल, फिरेल, कंटाळेल आणि कधीतरी तुमच्याकडे बघेल. त्याच क्षणी अंगठा आणि तुकडा. पहिल्या दिवशी दहा तुकडे संपायला पंधरा मिनिटं लागतील, चौथ्या दिवशी ती तुमच्यासमोरून हलणार नाही. मग हॉलमध्ये, मग जिन्यात, मग फाटकाशी. प्रत्येक नवीन जागी पहिल्यापासून सुरुवात झाल्यासारखी वाटेल, पण पुन्हा जमायला वेळ कमी लागेल.

तिसरी पायरी स्पर्शाची. खांद्याच्या मागे दोन बोटं हलकेच टेकवा, ती वळली की अंगठा, तुकडा. हाच स्पर्श पुढे तिचं नाव होतो. जागा कायम तीच ठेवा. डोकं, शेपूट, कंबर यांना अचानक हात लावायचा नाही.

आता तक्ता. तळवा वर करून हात उचलला की ‘बस’. तळवा खाली करून हात जमिनीकडे नेला की ‘आडवी हो’. तळवा समोर रोखला की ‘थांब’. पूर्ण हात बाजूला पसरून छातीकडे ओढला की ‘ये’. दोन्ही रिकामे हात उघडून दाखवले की ‘संपलं’. ही शेवटची खूण फार कामाची, नाहीतर खाऊ संपला तरी ती आशेने बसून राहते. भारतीय सांकेतिक भाषेतल्या खुणा वापरल्यात तरी चालेल. घरातल्या सगळ्यांची खूण मात्र एकच हवी. आजी पदर हलवून बोलावणार आणि नातू चुटकी वाजवून, असं चालत नाही.

खुणा कुठे बिघडतात, तेही सांगतो. स्थिर हातापेक्षा हलणारा हात कुत्र्याला चटकन दिसतो, म्हणून खूण अंगापासून दूर आणि मोठी करावी. पोटाशी धरलेला हात शर्टाच्या रंगात हरवतो. खाऊ खूण करणाऱ्या हातात नको. ती चिकनच्या मागे नाक फिरवते, खूण शिकत नाही. खाऊ दुसऱ्या हातात किंवा पाठीमागच्या वाटीत ठेवा. तोंडाने बोलायचं बंद करू नका. बोलताना चेहरा आपोआप बोलतो आणि कुत्री चेहरा वाचते. मुका, कोरा चेहरा करून केलेली खूण तिला रागाची वाटते. आणि पूर्वी मार खाल्लेलं कुत्रं उचललेला हात बघून अंग चोरतं. अशा कुत्र्यासाठी पहिला महिना सगळ्या खुणा कंबरेच्या खाली, बसून करा.

झोपेतून उठवलं की दचकून हाताला तोंड घालतो. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. ठेवावा की परत करावा? (नाशिक)

बहिरा म्हणून तो चावरा आहे असं नाही. एकेकाळी अमेरिकेतला डाल्मेशियन क्लब दोन्ही कानांनी बहिऱ्या पिल्लांना सरळ मारून टाकायचा सल्ला देत असे, अशी पिल्लं पुढे चावरी होतात असं त्यांचं म्हणणं होतं; ते वाटतं तितकं खरं नाही हे पाळणाऱ्यांनीच दाखवलं. झोपेतलं दचकणं मात्र खरं आहे, आणि ते सवयीने बरंच कमी होतं.

आधी जागेपणी: खांद्यामागे दोन बोटं, लगेच तुकडा. दिवसाला वीसेक वेळा, आठवडाभर. मग पेंगत असताना तेच. दुसऱ्या आठवड्यात झोपलेला असताना अंगाला हात न लावता, चिकनचा तुकडा नाकापासून तीन-चार बोटांवर धरून थांबा. दहा-वीस सेकंदांत नाकपुड्या हलतात, मग डोळे उघडतात. लगेच तुकडा. वासाने आलेली जाग दचकवत नाही. हे चार-पाच दिवस जमलं की गादीची कड हलकेच दाबा, जागा झाला की खाऊ. मग खांद्यावर बोट, मग खाऊ. मधली पायरी गाळलीत आणि तो दचकला, तर दोन पायऱ्या मागे जा.

“पाय आपटून उठवा” हा सल्ला परदेशी लेखांतून आपल्याकडे आला. तिकडे जमीन लाकडी असते, हादरा पोचतो. आपल्या सिमेंटच्या स्लॅबवर, टाइल्सवर, शहाबादी फरशीवर कितीही आपटलंत तरी तुमचीच टाच दुखेल. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर मात्र उपयोग होतो.

त्याची गादी येण्याजाण्याच्या वाटेवर, स्वयंपाकघराच्या दारात नको. कोपऱ्यात, पाठीला भिंत आणि समोर दार दिसेल अशी ठेवा. मुलीसाठी नियम एकच, तोही न बदलणारा: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हवा असेल तर मोठ्यांना सांगायचं. दोघांना एकटं ठेवू नका, मधे जाळीचं फाटक लावा. तो गुरगुरला तर ओरडू नका. एक तर ऐकू जाणार नाही, आणि रागावलेला चेहरा बघून गुरगुरणं सोडलंच तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

दात लागून रक्त आलं, तर कुत्र्याची लस झालेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तीन-चार आठवडे नेमाने करूनही दचकून चावतच असेल, तर मात्र तुमच्यासारख्या लहान मूल असलेल्या घरापेक्षा मोठ्या माणसांचं घर त्याला बरं. हे सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

कंपन होणारा पट्टा घ्यावा का? (कोल्हापूर)

अंगण किंवा शेत असेल तर उपयोगी, फ्लॅटमध्ये गरज नाही. घेताना बघा: बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांत कंपन आणि विजेचा झटका एकाच रिमोटवर, शेजारी-शेजारी बटणांवर असतात. घाईत चुकीचं बटण दाबलं की महिन्याभराची मेहनत गेली. फक्त कंपनाचा पट्टा शोधा. झटक्याचा हातात आलाच तर आतल्या बाजूचे धातूचे खुंट काढून रबरी टोप्या बसवा.

पट्टा आणल्या आणल्या बटण दाबू नका. दोन-तीन दिवस नुसता गळ्यात राहू द्या, आत दोन बोटं जातील इतका सैल. मग पट्टा हातात धरून, सगळ्यात कमी जोरावर, अर्धा सेकंद कंपन आणि लगेच खाऊ. नंतर गळ्यात घालून तेच, एका बैठकीत दहा वेळा, दिवसातून दोन बैठका, आठवडाभर. कंपन झालं आणि तो खुशीत तुमच्याकडे वळला की काम झालं. या कंपनाचा अर्थ ‘इकडे बघ’ एवढाच. ‘ये’ची खूण हाताने करायची. त्याच कंपनाने रागवायला लागलात तर तो वळून बघण्याऐवजी पळेल. शेपूट पोटात गेली, ओठ चाटायला लागला, खाऊ नाकारला, तर पट्टा कपाटात ठेवा. काही कुत्र्यांना तो कधीच मानवत नाही.

रात्री आणि घरात असताना काढून ठेवा. पावसाळ्यात ओल्या केसांवर दिवसभर राहिला की गळ्याला चट्टे पडतात, आणि चार्जिंगच्या भोकात पाणी जातं. बॅटरी बाहेर पडायच्या आधी बघा. संपलेल्या बॅटरीच्या भरवशावर सोडलेलं कुत्रं म्हणजे मोकाट कुत्रं.

कोकणात घर आहे, भोवती गडगा आहे. मोकळा सोडला तर चालेल? (रत्नागिरी)

गडग्यावरून कुत्रं सहज उडी मारतं. निदान पाच फूट जाळी असेल तरच मोकळा सोडा. तोपर्यंत छातीपट्ट्याला मागून अडकवलेली पाच ते दहा मीटरची दोरी वापरा. गळपट्ट्याला लांब दोरी लावू नका, धावता धावता दोरी संपली की मानेला हिसका बसतो. नायलॉनची बारीक दोरी तुमचा तळहात सोलेल, रुंद पट्टीची घ्या.

आवारातला मोठा धोका बाहेरच्या रस्त्याइतकाच तुमच्या स्वतःच्या गाडीचा. दुपारी कुत्री गाडीखाली सावलीला झोपतात. ऐकू येणारं कुत्रं चावी फिरली की सरकतं, बहिऱ्याला हादरा बसेपर्यंत चाक फिरलेलं असतं. गाडीत बसायच्या आधी वाकून खाली बघायचं, रिव्हर्स घेताना तर नक्की. पाहुण्यांनाही सांगा.

संध्याकाळी बोलवायला पडवीचा दिवा दोनदा चालू-बंद करा, आला की प्रत्येक वेळी खाऊ द्या. आठवड्याभरात समजतं. लेझरचा ठिपका किंवा टॉर्चचा झोत जमिनीवर नाचवून खेळवू नका. पकडता न येणाऱ्या उजेडाच्या मागे लागलेलं कुत्रं पुढे सावल्यांच्या मागेही दिवसभर धावतं, आणि डोळ्यांवर जगणाऱ्या बहिऱ्या कुत्र्याला हे वेड लवकर लागतं. बिबट्याचा वावर असलेल्या भागात अंधार पडायच्या आत घरात घ्या. पाचोळा वाजलेला त्याला कळत नाही.

गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर आणि “मला ऐकू येत नाही” एवढंच मोठ्या अक्षरांत लिहा. हरवलं तर लोक हाका मारतात आणि ते थांबलं नाही की माजलेलं किंवा पिसाळलेलं समजतात. रस्त्यावरच्या टोळीपासून लांब ठेवा. दुसरं कुत्रं गुरगुरून “पुरे” सांगतं, ते याला ऐकू जात नाही. हा खेळायलाच पुढे जातो आणि मार खातो.

आम्ही बाहेर पडलो की तासन् तास भुंकते. सोसायटीची नोटीस आली आहे. (डोंबिवली)

सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण शेजाऱ्यांची झोपमोड ही खरी तक्रार आहे. त्यांच्यासमोर परिपत्रक नाचवण्याआधी भुंकणं कमी करा.

तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो कमी-जास्त करता येत नाही. जन्मतः बहिऱ्या कुत्र्यांचं भुंकणं बऱ्याचदा एकसुरी आणि कर्कश असतं. भुंकण्याचं कारण मात्र तुमच्या निघण्याच्या पद्धतीत सापडेल. ती झोपलेली असताना तुम्ही गुपचूप दार ओढून घेतलंत तर तिच्या लेखी तुम्ही नाहीसे झालात. ऐकू येणाऱ्या कुत्र्याला चावी, लिफ्ट, चपला यांवरून कळतं, हिला जाग आल्यावर रिकामं घर मिळतं. म्हणून निघताना तिला उठवा, एक ठरलेली खूण करा (दोन्ही हात उघडे, मग दाराकडे बोट) आणि आत खाऊ भरलेलं चावायचं खेळणं देऊन निघा. सुरुवातीला अर्ध्या मिनिटात परत या, मग एक, तीन, पाच, दहा मिनिटं. ती भुंकायला लागली तर अंतर फार वाढवलं असं समजा. ज्या दिवशी खरंच आठ तास बाहेर जायचंय, त्या दिवशी कोणाला तरी घरी ठेवा, नाहीतर सगळी घडी विसकटते.

बाल्कनीच्या ग्रिलचा खालचा अडीच-तीन फूट भाग आणि दाराखालची फट झाका. हालचाल दिसली की ती भुंकते. घरात कॅमेरा बसवून त्यातून बोलणारे पुष्कळ आहेत. त्याचा इथे काय उपयोग, ते सांगायला नको.

बारा वर्षांचा कॉकर हाक मारली की येत नाही. शेजारी म्हणतात कोमट तेल घाला. (म्हापसा)

तेल घालू नका. लसणीचं, खोबऱ्याचं, कुठलंच नाही. कानाचा पडदा फाटलेला असेल तर तेल मधल्या कानात उतरतं, नसेल तर आतली ओल अडकून बुरशी वाढते. जुन्या बाटलीतले थेंबही नकोत. फाटक्या पडद्यातून काही थेंब आतल्या कानाला इजा करतात. दुर्बिणीने पडदा बघितल्याशिवाय कानात काहीही जाऊ नये.

कॉकरचे कान लोंबते आणि केसाळ, त्यात गोव्याचा पावसाळा. म्हणून संसर्ग आधी तपासा: घाण वास, तपकिरी मळ, डोकं झटकणं. समुद्रात किंवा आंघोळीत भिजल्यावर कानाची पाळी उलटून कापडाने बाहेरूनच कोरडी करा, कापसाची काडी आत घालू नका. दोन-चार दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, मान एका बाजूला कलली, चालताना झोक जातो, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी पशुवैद्य गाठा.

कान स्वच्छ निघाले तर हे वय आहे. म्हातारपणचं बहिरेपण परतत नाही, पण हळूहळू येतं, आणि तेवढा वेळ तुमच्या हातात आहे. अजून थोडंफार ऐकू येतंय तोवर प्रत्येक शब्दाच्या अर्धा सेकंद आधी हाताची खूण करा. आधी खूण, मग शब्द. उलट केलंत तर तो शब्दावरच अवलंबून राहतो. या वयात डोळेही मंदावतात, म्हणून खांद्यावरच्या स्पर्शाची ओळखही आत्ताच करून द्या आणि पाण्याच्या भांड्याजवळ रात्री बारीक दिवा ठेवा. पाच वर्षांच्या कुत्र्यालाही खुणा शिकवून ठेवाव्यात, असं आमचं मत आहे.

ऑस्ट्रेलियन शेफर्ड दत्तक घेतोय. बहिरा आहे, डोळेही बारीक आहेत. (एडिसन, न्यू जर्सी)

बहुधा आईबाप दोघेही ‘मर्ल’ म्हणजे ढगाळ ठिपक्यांच्या रंगाचे असावेत. अशा जोडीचं सरासरी चारातलं एक पिल्लू दुहेरी मर्ल (म्हणजे आईबाप दोघांकडून हा गुण आलेलं) निघतं आणि अशा पिल्लांत कान-डोळ्यांचे दोष बरेच दिसतात. आधी नेत्रतपासणी करून किती दिसतं ते ठरवा. खुणा हाताऐवजी स्पर्शाच्या ठेवा: छातीवर टकटक म्हणजे ‘ये’, कमरेवर हलका दाब म्हणजे ‘बस’. सामान हलवू नका. जिन्याच्या वरच्या पायरीआधी काथ्याचं पायपुसणं टाका, पायाला खरबरीत लागलं की पुढे उतार आहे हे त्याला कळतं.

सोबतीला दुसरं, ऐकू येणारं कुत्रं आणू का? (सांगली)

आणा, पण पहिलं तुमच्याकडे बघायला शिकल्यावर. आधी आणलंत तर ते तुमच्याऐवजी दुसऱ्याकडे बघत राहतं. दुसरं दारावर धावलं की हेही धावेल, आणि दुसरं आजारी पडलं की एकाच दिवसात दोघांना काही येत नाही असं वाटेल.

दिवाळीत फटाक्यांचा त्रास नाही, हा तरी फायदा ना? (अमरावती)

आवाजाचा नाही. सुतळी बॉम्बचा हादरा आणि आकाशातल्या उजेडाचा असतो, गणपतीत ढोलताशाचाही छातीत धडधडतो. पडदे ओढा, खोलीतला दिवा चालू ठेवा म्हणजे बाहेरचा लखलखाट कमी जाणवेल, आणि गादी बाहेरच्या भिंतीपासून सरकवून आतल्या खोलीत घ्या. संध्याकाळची फेरी त्या चार दिवसांत पाचच्या आत उरका, तीही दोरीला बांधूनच.